हुस्स हास्स, पाणी द्या

एका जंगलात, पोरांनो, एक साळिंदर राहायचा. नीट बसा आधी. त्या मागच्याचं नाक कुणीतरी पुसा, मग पुढं सांगते.

साळिंदराचं नाव रावजी. अंगभर काटे, पण गळा लोण्यासारखा. त्यानं आपल्या मेलेल्या आईवर एक गाणं रचलं होतं. थंडीत ती त्याला कुशीत घ्यायची, तर आधी आपले सगळे काटे पाठीकडं वळवायची आणि तशीच अवघडून पडायची. एवढंच गाणं. मरायच्या आत ते कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच रावजीची इच्छा.

जत्रेला कोल्ह्याची बेंजो पार्टी आली. अस्वल ढोलावर, वानर बेंजोवर, आणि कोल्हा मॅनेजर. त्याला काम काही नव्हतं, म्हणून गॉगल होता.

"मामा, मला एक गाणं गाऊ द्या," रावजी म्हणाला.

"रडकं आहे का?"

"थोडं."

"मग लोकांच्या जेवणाआधी उरक. भरल्या पोटी रडलं की पचत नाही."

कलाकारांना भाकरी-ठेचा दिला होता. रावजीनं घाईघाईत घास तोंडात कोंबला. त्यात एक लवंगी मिरची अख्खीच राहिली होती. तेवढ्यात नाव पुकारलं. रावजी खडकावर चढला, आईला नमस्कार केला, तोंड उघडलं, आणि बाहेर आई नाही, मिरची आली.

"हुस्स हास्स, पाणी द्या. हुस्स हास्स, पाणी द्या."

अस्वलाला वाटलं गाणं सुरू झालं. त्यानं ढोल बडवला. वानरानं बेंजो छेडला. रावजी एका पायावर नाचला, मग दुसऱ्या, मग खडकावर गडाबडा लोळला. सगळं जंगल उठून नाचायला लागलं. हत्तीण नाचली, तिच्याखाली सापडू नये म्हणून ससे नाचले. वन्समोअर, वन्समोअर.

पाणी? नाही, पाणी कुणी दिलं नाही. टाळ्या दिल्या.

शहरातून आलेला कावळा म्हणाला, "ह्याला रॉक अँड रोल म्हणतात. रॉक म्हणजे खडक, रोल म्हणजे लोळणं." सगळ्यांनी माना डोलावल्या. शिकलेला पक्षी तो.

दुसऱ्या दिवसापासून जो तो तेच गाणं म्हणायचा. एक यमू कासवीण सोडून. ती ठार बहिरी. तिच्या कानाशी वीज पडली तरी ती म्हणायची, "कोण आलंय ते?"

सिंहानं गाण्यावर बंदी घातली. म्हणाला, तरुण पोरं कंबर हलवतात. मग एकदा सिंहीणच शिकार करताना ते गुणगुणली. हरिणानं पळायचं सोडून ठेका धरला. सिंहाचं जेवण वेळेवर झालं आणि बंदी उठली. पुढं ते लग्नात वाजायला लागलं. मग बारशाला. घुबडानं त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला की 'हुस्स' म्हणजे आत्मा आणि 'हास्स' म्हणजे परमात्मा. मिरचीचा उल्लेख नव्हता. मिरचीला काय कळतंय?

रावजीनं एकदा मिरची न खाता नुसतंच हुस्स हास्स केलं. लोक ओरडले, "फसवणूक." तेव्हापासून कोल्हा स्वतःच्या हातानं त्याच्या जिभेवर लवंगी ठेवायचा.

"मामा, पोट जळतंय हो. एकदा आईचं गाऊ द्या."

"गाशील रे. आधी हे म्हण, मग ते."

आणि हे झालं की त्याच्या गळ्यातून ते निघायचंच नाही. पोरांनो, तुमच्यापैकी कुणी हसलं का आत्ता? हसा, हसा. ते पण हसायचे.

मग गाण्याचा रौप्यमहोत्सव आला. चौकात रावजीचा दगडी पुतळा उभारला. तोंड उघडं, डोळे वर. आणि त्या तोंडातून कारंजं. दगडाच्या रावजीच्या तोंडातून गार पाणी वाहतंय बघा कसं.

खरा रावजी आता म्हातारा झालेला. महोत्सव म्हणून कोल्ह्यानं मूठभर मिरच्या कोंबल्या. या वेळी त्याचा श्वासच अडकला. डोळे बाहेर आले. "हुस्स… हास्स…" करत तो कारंज्याकडं पळाला.

"नवीन स्टेप," वानर म्हणालं.

अस्वलानं त्याला कौतुकानं खांद्यावर उचललं आणि कारंज्यापासून लांब, गर्दीत नेलं. सगळं जंगल एका सुरात म्हणत होतं, "पाणी द्या, पाणी द्या." रावजी तर आता म्हणतही नव्हता. नुसता ओठ हलवत होता.

पुतळ्याच्या पायाशी यमू कासवीण बसली होती. फुकटचे लाडू होते म्हणून आली होती. तिला ढोल ऐकू येत नव्हता, गाणं ऐकू येत नव्हतं. तिला फक्त एक मरायला टेकलेला साळिंदर दिसला.

ती उठली. म्हणजे कासव उठतं तशी उठली. अस्वल नाचत नाचत परत पुतळ्यापाशी आलं, तशी त्याच्या पायाला कडकडून चावली. अस्वल बोंबलत खाली बसलं आणि रावजी धप्पकन पडला. यमूनं कारंज्याचं करवंटीभर पाणी त्याच्या तोंडात ओतलं. मग दुसरी करवंटी. मग तिसरी, त्याच्या डोक्यावर.

"मेल्या," ती म्हणाली, "एवढं तिखट लागलं तर पाणी मागावं की. तोंड दिलंय ना देवानं?"

रावजी उठून बसला. मग तिथंच, ओल्या अंगानं, त्यानं आईचं गाणं धरलं.

"हे काय रडगाणं?" लोक म्हणाले आणि जेवायला गेले. कोल्हा गॉगल काढून खरोखरचा रडला, कारण पुढच्या कार्यक्रमाची सुपारी गेली.

यमू बसली. रावजीच्या तोंडाकडं बघत, मान हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत बसली. गाणं संपल्यावर तिनं पदरचा लाडू काढून त्याला दिला.

"झालं बोलून? आता खा. गोड आहे."

तात्पर्य : पोरांनो, कधी जिवावर बेतलं तर खुशाल ओरडा, पण बेताल ओरडा. तालात ओरडलात तर लोक तुमचा पुतळा बांधतील, पाणी देणार नाहीत.