मायाशाळेतील डोहाचे वर्तमान

श्री. जी देवता दिसत्यास आणि न दिसत्यास सारखीच धारण करिते, तिचे चरणी मस्तक ठेवोन लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, डोंगरकपारीची मुले शास्त्रविद्येवाचोन राहिली, शाळा दूर, प्रयोगशाळा तो नाहीच, हे श्रीमंत महाराजांचे कानी आले. मग महाराजांनी मायाकारागीर जिवाजीपंत यांस बोलावून आज्ञा केली की, मुलांनी घरी बसोन डोळ्यांस यंत्रपट्टी बांधावी आणि प्रयोगशाळा त्यांसमोर उभी राहावी. पंत मोठे हुन्नरी आणि मनाचे मऊ. त्यांनी अग्नी केला, आम्ल केले, काचपात्रे केली, आणि पात्र फुटता मुले रडतात हे पाहोन नेम घातला की, टाळी वाजविताच फुटले ते सांधावे, जळले ते पूर्ववत व्हावे. दरबारचे वृद्ध शास्त्री बोलिले, "पंत, फुटले ते फुटलेलेच राहो द्या." पंत हसोन म्हणाले, "शास्त्रीबावा, लेकरे आहेत. भिवविता कशास?" आणि शास्त्रीबावा उगे राहिले, हे फार वाईट जाहले.

मग मुले विद्येत तरबेज जाहली, आणि पंतांचा एकुलता पुत्र त्रिंबक सर्वांत पुढे. भाद्रपदमासी तो सवंगड्यांसह नदीवर गेला आणि पाय निसटोन डोहात पडला. पंत वाटेने येत होते, त्यांनी टाळ्या ऐकिल्या, आणि खेळ रंगला ऐसे जाणोन सावकाश चालिले. काठावर येवोन पाहतात तो मुले ओळीने उभी, मुखी हास्य, टाळ्या वाजवीत आहेत, आणि पाणी निवांत. एक मुलगी बोलिली, "काका, तुम्हीही वाजवा की. त्रिंबक पडलाय, आज वेळ लागतोय." पंतांनी उडी टाकोन पुत्र वर काढिला, त्यात प्राण नव्हता. तरी टाळ्या थांबेनात. तळवे लाल जाहले तरी थांबेनात.

मग महाराजांनी तो नेम मोडविला, आणि मायाशाळेत ऐसा डोह करविला की, त्यात गेले ते कशानेही परत न यावे. पंतांनी डोह केला, आणि मुले काठावरोन आपोआप मागे सरू लागली, आणि दरबारी संतोष जाहला. एके दिवशी पंतांचे कुटुंब उमाबाई यांनी पट्टी बांधोन आत डोकाविले आणि पुसिले, "अहो, याचा तळ कुठं दिसत नाही तो?"

पंत बोलिले, "केलाच नाही. करायला बसलो की तिथं तो निजलेला दिसतो."

सारांश, विद्या डोंगरोडोंगरी पोहचली, मुले शहाणी जाहली, आणि तो डोह अद्याप तळावाचोन आहे.