वाघमारे काकांचा ठिपका

आमच्या वाघमारे काकांना 'जवळच' हा शब्द चालत नाही. 'थोडंसं', 'जरासं', 'आलोच' हेही चालत नाहीत. त्यांच्यापुढे यातलं काही बोललं की ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि शांतपणे म्हणतात, "मोजून सांगा."

काका भूमापन खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या खिशातली टेप काही निवृत्त झालेली नाही. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत एकदा पार्किंगवरून जुंपली, तेव्हा काकांनी खडू आणला आणि प्रत्येक गाडीच्या जागेची मापं फरशीवर लिहून काढली. भांडण मिटलं नाही, फक्त त्यानंतर सगळे सेंटिमीटरमध्ये भांडायला लागले. एक गृहस्थ लग्नाचं आमंत्रण घेऊन आले आणि कार्यालय बसस्टॉपपासून पाच मिनिटांवर आहे म्हणाले. काकांनी विचारलं, "कोणाच्या पायांनी?" गृहस्थ पत्रिका ठेवून निघून गेले.

मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, काका तिसऱ्यावर. मी खराडीला आयटीत आहे, त्यामुळे जिला वायर आहे अशी प्रत्येक वस्तू मला कळते, असा इमारतीचा समज आहे. तो दूर करण्याचा मी कधी फारसा प्रयत्न केलेला नाही. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी काका माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अहो सातपुते, मोटरसायकलला जीपीएस ट्रॅकर बसवायचा आहे. आपण बरोबर यायचंय." 'याल का' असं विचारायची पद्धत त्यांच्याकडे नाही.

मला हसूच आलं. काकांची मोटरसायकल तीस वर्षांची. ती सुरू करायला चोक अर्धा ओढायचा, गाडी डावीकडे कलती करायची आणि सहा किका मारायच्या. सातवीला ती विचार करते. एकदा काका चावी तशीच लावून मंडईत गेले होते. दोन तासांनी आले तर गाडी जागच्या जागी आणि सीटवर कोणीतरी पालकाच्या जुड्या मांडून ठेवलेल्या.

"काका, ही कोण चोरणार?" मी विचारलं.

"चोरासाठी कोण बसवतंय?" म्हणत ते जिना उतरू लागले.

दुकानदार मोठा उत्साही होता. त्याने तीन ट्रॅकर काउंटरवर मांडले आणि चोरांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. काकांनी त्याला थांबवलं आणि एकच प्रश्न विचारला: गाडी कुठे आहे हे यंत्र किती वेळाने कळवतं? पहिला ट्रॅकर चुंबकाचा होता, वायर नको, कुठेही चिकटवा. बॅटरी पुरवायची म्हणून तो तासाला एकदा कळवायचा. काकांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला. दुसरा मिनिटाला एकदा.

"एका मिनिटात मी चौक ओलांडून पुढच्या गल्लीत शिरतो," काका म्हणाले. "मग मधला चौक कुठे गेला?"

दुकानदाराने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

तिसरा ट्रॅकर दर दहा सेकंदांनी कळवणारा निघाला. काकांनी बजावलं की फोनवरचा ठिपका सलग चालला पाहिजे, बेडकासारखा उड्या मारायला लागला तर परत आणून देईन. दुकानदाराने घाईघाईने या ट्रॅकरची खासियत सांगितली: चोरी झाली तर फोनवरचं बटण दाबून घरबसल्या इंजिन बंद करता येतं. हे ऐकून काका पहिल्यांदाच दचकलेले दिसले. ती वायर अजिबात जोडायची नाही, असं त्यांनी सांगितलं. "आमच्या घरी एक व्यक्ती आहेत. कोथिंबीर राहिली म्हणून त्या मला भर चौकात बंद पाडतील."

ती व्यक्ती म्हणजे वाघमारे काकू. त्या शाळेत शिक्षिका होत्या, अर्धी पेठ त्यांच्या हाताखालून गेली, त्यामुळे सगळे त्यांना बाई म्हणतात. काकाही बाईच म्हणतात, आणि तेही अगदी विद्यार्थ्यासारखं. अठ्ठावीस वर्षं बाई त्या मोटरसायकलवर मागे बसल्या. डाव्या खांद्यावर टिचकी म्हणजे डावीकडे, उजव्या खांद्यावर टिचकी म्हणजे उजवीकडे, आणि पाठीवर थाप म्हणजे थांबा. गावाची मापं काकांनी काढली असतील, पण रस्ता ठरवायच्या बाई.

दीड वर्षापूर्वी बाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. आता त्या घरात वॉकर धरून चालतात, पण तिसरा मजला, लिफ्ट नाही. एकदा तपासणीसाठी आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं होतं. परत वर आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला आणि मग सांगितलं, "पुन्हा मला असं न्यायचं नाही. मी कपाट नाही." तेव्हापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत.

हे सगळं मला माहीत होतं, त्यामुळे ट्रॅकरचं कारण मी मनाशी ठरवून टाकलं. काकांचं वय झालंय, ते बाहेर पडले की बाईंना काळजी वाटत असणार. त्या काळजीसाठी पाच मिनिटांनी एकदा ठिपका दिसला तरी पुष्कळ झालं, असंही मी ठरवून टाकलं. ती माझी चूक पुढे येईलच.

मेकॅनिकने सीट काढली. ट्रॅकरची लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला आणि तिसरी चावीच्या वायरला जोडायची होती. इंजिन बंद करणारी चौथी वायर काकांनी स्वतः चिकटपट्टी गुंडाळून बंदिस्त केली, वरून आणखी दोन फेरे दिले. मेकॅनिक ट्रॅकर टूलबॉक्सच्या मागे कोंबत होता, तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. यंत्राला आकाश दिसलं पाहिजे, ते सपाट बसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. शेवटी ट्रॅकर सीटच्या खाली मागच्या बाजूला, नेमका बाई बसायच्या तिथे बसला. तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही.

ॲप बाईंच्या फोनवर टाकलं. तुमच्याही फोनवर टाकतो म्हणालो, तर काका म्हणाले, "माझ्या कशाला? मी कुठे आहे ते मला माहीत असतं."

पहिल्याच दिवशी तक्रार आली. काका लकडी पुलावरून चालले असताना ठिपक्याने त्यांना नदीपात्रात दाखवलं होतं. त्यांनी मला फरकही मोजून सांगितला, अकरा मीटर. एवढी चूक व्हायचीच, मी म्हणालो आणि मोठ्या व्याख्यानाची तयारी ठेवली. पार्किंगमध्ये दोन सेंटिमीटर न सोडणारा हा माणूस. पण काका म्हणाले, "बाई हसल्या. राहू द्या."

आठवड्याभरात गाडीची जुनी बॅटरी मान टाकू लागली. हॉर्न मेंढीसारखा वाजायला लागला. काकांनी मला बोलावलं, आणि मी आयटीतला हुशार माणूस, दोन मिनिटांत इलाज केला. बाईंच्या फोनवरून ट्रॅकरची सेटिंग बदलली: दहा सेकंदांऐवजी पाच मिनिटं. बॅटरी वाचली. कोणाला सांगायची गरज मला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, काका हेल्मेट घातलेलेच माझ्या दारात आले. मी त्यांना इतकं अस्वस्थ कधीच पाहिलं नव्हतं.

"सातपुते, ठिपका मंडईवरून उडतो तो थेट लकडी पुलावर. मधली पाच मिनिटं बाई कुठे असतात?"

"बाई? बाई तर घरी असतात ना काका."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं गणित अगदीच कच्चं आहे हे त्यांना आजच कळलं असावं. "घरी फोन असतो," ते म्हणाले. "बाई माझ्यामागे असतात."

मला फार लाज वाटली, ती अजूनही थोडी वाटते. मी वर गेलो, बाईंची माफी मागितली आणि सेटिंग परत दहा सेकंदांवर आणली. नवीन बॅटरी काका त्याच दिवशी घेऊन आले. हा साधा उपाय मला सुचला नव्हता.

पुढच्या रविवारी बाईंनी मला चहाला बोलावलं. शोकेसमध्ये बुद्धमूर्तीशेजारी काकांची जुनी होकायंत्राची डबी असते, तिथेच खिडकीजवळ बाई खुर्चीत बसल्या होत्या. केसात फूल, अंगावर बाहेर जायची साडी. फोन समोर पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला. सकाळी निघण्याआधी त्या आजचा रस्ता सांगतात आणि काका तसंच्या तसं जातात, असं त्यांनी मला सांगितलं. कुठली गल्ली पूर्ण फिरायची, कुठे दोन मिनिटं थांबायचं, सगळं ठरलेलं. घरी आल्यावर काका काय काय बदललंय ते सांगतात, आणि बाई चुका काढतात.

ठिपका निघाला. मंडईला थांबला. "अंजीर बघतायत," बाई म्हणाल्या. "घेणार नाहीत, मऊ आहेत म्हणतील." ठिपका पुढे सरकला. त्यांच्या शाळेच्या गल्लीत तो अगदी हळू झाला, कारण तिथे हळू जायचं असं ठरलं होतं. मी चहाचा कप हातात धरून बघत राहिलो. एका वळणाशी बाईंचं अंग किंचित डावीकडे कललं, आणि त्यांच्या बोटाने खुर्चीच्या हातावर एकदा टिचकी मारली. दहा सेकंदांनी ठिपका डावीकडे वळला.

मी खिडकीबाहेर बघितलं.

पाऊण तासाने जिन्यात काकांची पावलं वाजली. ते आत आले, हेल्मेट काढलं, पिशवीतून कोथिंबीर काढून बाईंसमोर धरली. बाईंनी जुडी हातात घेऊन हुंगली आणि समाधानाने मान हलवली.

पूर्वी हेच काका कोथिंबिरीला जाऊन यायला आठ मिनिटं लागतात म्हणून सांगायचे. मला राहवलं नाही. आज किती किलोमीटर झाले, मी विचारलं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, बाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"मोजलं नाही," ते म्हणाले.