भिंतीकडे तोंड केलेला रेडिओ

हौसाबाई ज्ञानू पाटोळे, मुक्काम गडमुडशिंगी. यांच्यावर अन्याय झाला तो मंगळवारी संध्याकाळी, सहा वाजून पस्तीस मिनिटांनी. वेळ मी मिनिटावर सांगतोय, कारण बरोबर त्याच मिनिटाला आमच्या गल्लीतल्या बाइंडरचाचांनी आपला रेडिओ फळीवर उलटा फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून बसवला.

ही शिक्षा होती. रेडिओ चुकला की एक दिवस भिंतीकडे, थाप मारली की आठवडाभर. बंद मात्र करायचे नाहीत. "ऐकनार सगळं," चाचा म्हणायचे, "पन त्वांड बघनार न्हाय."

आणीबाणीत तो रेडिओ इतका काळ भिंतीकडे बघत बसला, की ती उठल्यावर सरळ केला तेव्हा मागे त्याच्या मापाचा पांढरा चौकोन उरला होता. बाकीची भिंत खळ शिजवायच्या शेगडीनं काळीकुट्ट. चाचा तो चौकोन नव्या गिऱ्हाइकाला हमखास दाखवायचे. "हे बघा पावणं, एवढं खोटं बोललंय ते."

चाचांचा धंदा पुस्तकं बांधायचा. दुकान म्हणजे एक खोली. पुढच्या बाजूला कापायचं मशीन, मागं चूल आणि खाट. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कचेऱ्यांची दप्तरं, शाळांचे हजेरीपट, लग्नाच्या पत्रिका, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. आणि माझी पत्रकं. मी तेव्हा पत्रकं काढायचो. नळाचं पाणी, रॉकेलची रांग, एसटीची गळकी टपं, कशावरही. छापखान्यातून ताव आणायचे, चाचांच्या मशीनवर कापून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गावाला जागं करायचं, असा माझा दिनक्रम. गाव जागं व्हायचं नाही ही गोष्ट वेगळी.

चाचांचं पालुपद एकच : "लायसन हाय आपल्याकडं."

ज्यांच्या घरी रेडिओ नाही त्यांना सांगायला हवं, की रेडिओ ऐकायचा तर पोस्टात परवाना काढावा लागतो आणि दर वर्षी पैसे भरून तो नवा करावा लागतो. तपासनीस आला की आमच्या गल्लीतले निम्मे रेडिओ वाकळेत शिरायचे. चाचा उलट त्या तपासनिसाला हाताला धरून दुकानात आणायचे, स्टुलावर बसवायचे, लायसनचं पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवायचे आणि मग रेडिओबद्दलच्या तक्रारी सांगायला घ्यायचे. पहिल्यापासून. पुढं पुढं तो तपासनीस गल्लीच चुकवायला लागला. गल्लीवर चाचांचे हे फार मोठे उपकार.

सकाळी रेडिओवरची बाई "नमस्कार" म्हणाली, की चाचा खळीचा ब्रश खाली ठेवून हात जोडायचे. "नमस्कार बाई."

"चाचा, ती सगळ्यांना म्हणते," मी एकदा म्हणालो.

"सगळ्यांत मी हाय का न्हाय? लायसन हाय आपल्याकडं."

प्रत्येक चुकीला एक पोस्टकार्ड जायचं. एकदा बातमी लागली, कळंब्याचा तलाव काठोकाठ भरला. चाचांनी सायकल काढली, कळंब्याला गेले, पाण्यात हात घालून खात्री केली आणि कार्ड टाकलं : "तीन पायऱ्या उघड्या आहेत. मी स्वतः मोजल्या." उत्तर आलं. उत्तर नेहमी यायचं आणि नेहमी एकच यायचं, छापील : आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. चाचांनी ही सगळी उत्तरं शिवून त्यांचा ग्रंथ केला होता. लाल रेक्झिनची पाठ, वर सोनेरी अक्षरं : घेतलेल्या नोंदी.

तर मंगळवार. मी पत्रकं कापून घ्यायला बसलो होतो. गावाकडचा कार्यक्रम लागला होता आणि कुणी बाई जात्यावरच्या ओव्या म्हणत होती. आवाज खणखणीत, जरा खरबरीत, शेवटाला वर चढणारा. मशीनच्या दांड्यावरचा चाचांचा हात थांबला.

"ह्यो आवाज वळखीचा हाय."

"तुमच्या?"

"ह्या आवाजानं मला वीस वर्सं मेथी इकलीया. हौसाबाई हाय ही. गडमुडशिंगीची."

ओव्या संपल्या. निवेदिकेनं सांगितलं, "गायिका होत्या सौ. कुमुदिनी आणि सहकारी." सहा पस्तीस. चाचा उठले आणि रेडिओ फिरवला.

सकाळी हौसाबाई पाटी घेऊन आल्या तेव्हा चाचांनी त्यांना पायरीवर बसवलं आणि वकिलासारखी उलटतपासणी घेतली. मागल्या महिन्यात गावात रेडिओची मोटार आली होती का? आली होती. देवळात आवाज धरायची पेटी मांडली का?

"मांडली की. म्हनले गा, गायलो. चहा पाजला. संगट एक बाई हुती, वहीत उतरून घ्यायली. सायबाची मेव्हणी म्हनं. लई गोरी."

"ती गायली?"

"ती कशाला गाती? तिला जातं कुठल्या अंगानं फिरतंय ते ठावं न्हवतं."

"नाव इचारलं तुमचं?"

"न्हाय बा."

मी उसळलो. म्हणालो, मावशी, हा दरोडा आहे! जनतेच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओवर साहेबाच्या मेव्हणीचं नाव! तुमचं नाव यायलाच पाहिजे!

हौसाबाई हसल्या. "माझं नाव रेडिओत कशाला, बाबा? तिथं नाव येतंय मानूस गेल्यावर. मी मेलो न्हाय अजून."

मेथीच्या पेंड्या उगाच खालीवर करत राहिल्या. मग हळूच चाचांना विचारलं, "पन लागलं व्हय खरंच? सगळं लागलं? मधीच तोडलं न्हाय न्हवं?"

"सगळं लागलं," चाचा म्हणाले. "शेवटपतोर."

त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत जळजळीत. 'जाब द्या!!!' असा मथळा. खाली मंत्र्यांचं नाव, साहेबांचं नाव, मेव्हणीचं नाव, सगळ्यांची सालटी काढलेली. तळाला ठळक टायपात माझं नाव. ताव घेऊन चाचांकडे गेलो. चाचांनी चष्मा लावून एक ताव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"लई जोरात लिवलंयस."

"मग!"

"पन हितं बी न्हाय की रं."

"काय?"

"तिचं नाव."

मी ताव हिसकावून घेतला. 'एका गरीब कष्टकरी भगिनीचा आवाज' असं लिहिलं होतं. तीन वेळा. भगिनी तिन्ही वेळा गरीब आणि कष्टकरी होती. हौसाबाई एकदाही नव्हती.

"त्यांनी मेव्हणीचं घातलं," चाचा शांतपणे म्हणाले, "तू तुझं घातलंस."

त्यांनी ती पत्रकं कापली नाहीत. कोऱ्या बाजूचा उपयोग करून हिशेबाच्या वह्या शिवल्या. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात पुढं वर्षभर उधारीच्या मागं 'जाब द्या' छापलेलं होतं.

चाचांनी आपलं कार्ड लिहिलं. त्यात सभ्यपणे सुरुवात केली, हीच चूक झाली. 'मंगळवारी आपण गडमुडशिंगीच्या ओव्या लावल्या. आवाज फार चांगला आहे. परंतु' वगैरे. पुढं हौसाबाईंचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, सगळं बयाजवार. आता, सरकारी रेडिओवर 'परंतु'च्या पुढं वाचायची पद्धत नाही, हे कुणाला ठाऊक?

पुढच्या मंगळवारी चाचांनी हौसाबाईंना मुद्दाम थांबवून घेतलं. म्हणाले, आज दुरुस्ती सांगतील, बसा. बाजार उठल्यावर हौसाबाई रिकामी पाटी शेजारी ठेवून पायरीवर बसल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, जणू रेडिओ त्यांना बघणार होता. चाचांनी रेडिओ भिंतीकडून फिरवून सरळ केला. शिक्षेची मुदत संपवून त्याला माणसांत घेतला म्हणा ना.

निवेदिका म्हणाली, "श्रोत्यांच्या आग्रहास्तव पुन्हा ऐकूया गडमुडशिंगीच्या ओव्या. गायिका सौ. कुमुदिनी आणि सहकारी. हे गीत आवडल्याचं आवर्जून कळवणारे आमचे श्रोते आहेत, दस्तगीर इमाम मुल्लाणी, कोल्हापूर."

चाचांचं पूर्ण नाव मला त्या दिवशी रेडिओवरून कळलं. पत्रकं कापून घेत चार वर्षं त्यांच्याकडे बसत होतो मी!

ओव्या सुरू झाल्या. हौसाबाई स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकत होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चाचा खालमानेनं खळ ढवळत होते. ती ढवळायची काहीही गरज नव्हती, शेगडी विझलेली होती.

गाणं संपलं. हौसाबाई उठल्या, पाटी घेतली. "तुमचं नाव आलं की हो," म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या गल्लीतून गेल्या त्या गपगुमान. पाटी डोक्यावर, मेथी पाटीत, पण हाळी नाही. ज्याला हवी त्यानं बघून बोलवावं. कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "आवाज माझा न्हायच म्हनं. मग दुसऱ्याचा कशाला काढू?"

त्या आठवड्यात चाचांनी दुकान बंद ठेवलं. एका दिवसापुरतं, पण ते दुकान ईद सोडून कधी बंद नसायचं. धुतलेला सदरा, टोपी, पिशवीत ग्रंथ, वरच्या खिशात लायसन. मी बरोबर. एसटीनं जयसिंगपूर मागं टाकलं आणि रेडिओच्या केंद्रावर जाऊन थडकलो. साहेब भेटले. माणूस गोड होता. असल्या जागी माणसं गोडच ठेवतात.

साहेब म्हणाले, "असं बघा, ही लोकगीतं. पारंपरिक. त्यांना कुणी मालक नसतो."

"गान्याला मालक नसंल," चाचा म्हणाले, "गळ्याला हाय की."

"बरोबर आहे, पण दुरुस्ती सांगायला कार्यक्रमपत्रिकेत जागा कुठाय? एकेक सेकंद ठरलेला असतो."

चाचांनी पिशवीतून रेडिओवर काय लागलं ते टिपायची आपली वही काढली आणि बोटानं वाचायला लागले. "सोमवारी पावणेसातला भाषण लवकर संपलं, तीन मिन्टं बासरी. बुधवारी पावणं आलंच न्हाईत, आठ मिन्टं बासरी. शुक्रवारी तबकडी अडकली, बासरी. सायब, बासरीला जागा हाय, हौसाबाईला न्हाय?"

साहेबांनी घाम पुसला. मग सगळ्या साहेबांचा असतो तो शेवटचा डाव टाकला. "तुम्ही लेखी द्या."

चाचांनी लाल रेक्झिनचा ग्रंथ टेबलावर ठेवला. "दिलंय. शिवून दिलंय."

परत येताना चाचा खिडकीशी बसले होते. मी साहेबाला यथेच्छ शिव्या घालत होतो. हातकणंगल्याला चाचांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "मानूस वाईट न्हाय. नाव घ्यायची सवय न्हाय त्याला." माझ्याकडे बघून नाही म्हणाले, पण मला लागायचं ते लागलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

मी ते कार्ड घेऊन तावातावानं आत गेलो तर चाचा मागच्या अंगणात होते. शेजाऱ्यांची शेळी तिथं बांधलेली असायची. चाचा तिला मेथी चारत होते. अख्खी पेंडी, ताजी, दव असलेली.

"चाचा, ही हौसाबाईंची?"

"व्हय. हाळी देत न्हाय आता. दारात हुबा ऱ्हाऊन घेतली."

"आणि शेळीला?"

"मला मेथी चालत न्हाय. कडू लागती."

मी हिशेब केला. वीस वर्षं. रोज एक पेंडी.

"मग घेता कशाला?"

चाचांनी शेळीच्या तोंडातला दोरा काढला. पेंडी बांधायचा असतो तो. "लोकं बाइंडर म्हनत्यात. मिस्त्री म्हनत्यात. तू चाचा म्हनतोस. ती गल्लीच्या तोंडापासनं वरडत यायची, 'दस्तगीरदादा, मेथीऽऽ!' दिवसातनं तेवढंच एक नाव ऐकू यायचं. मग घ्याया नको?" दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले, "तिनं रोज घेतलं माझं. रेडिओनं तिचं एकदा घ्यावं. जास्त काय मागालोय मी?"

त्यांचा रेडिओ त्या दुसऱ्या मंगळवारपासून पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला आहे. सकाळी त्यातली बाई भिंतीला नमस्कार म्हणते. चाचा हात जोडत नाहीत. ते दाराशी उभे असतात, हाळी येत नाही म्हणून नजर ठेवावी लागते.

तेव्हा आता तुम्ही. होय, तुम्हीच. घरात रेडिओ आहे ना? परवाना भरता ना? मग तो रेडिओ तुमचा आहे आणि त्याची थापही तुमच्या पैशानं मारलेली आहे. हे वाचून 'काय लोक असतात' म्हणून हसू नका, आणि माझ्यासारखं कुणाचं सालटंही काढू नका. पोस्टात जा. एक कार्ड घ्या. वर केंद्राचा पत्ता घाला आणि खाली एकच ओळ लिहा : मंगळवारी ओव्या गायल्या त्या हौसाबाई ज्ञानू पाटोळे, गडमुडशिंगी यांनी. पुढच्या मंगळवारी, सहा पस्तीसला, बासरीच्या जागी हे सांगा.

'आवाज चांगला आहे' लिहू नका. 'परंतु' लिहू नका. नाव मात्र पूर्ण लिहा.