मडगार्डचा बंदोबस्त

सुनेच्या मोटारसायकलचं मागचं मडगार्ड तिसऱ्यांदा तुटलं, तेव्हा फिटरकाकांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली. एकदा तुटलं तर रस्त्याचा दोष, दोनदा तुटलं तर नशिबाचा. पण तिसऱ्यांदा? चौतीस वर्षं कारखान्यात यंत्रांचे सांधे जुळवलेल्या माणसाच्या घरात?

सून गुरांची डॉक्टर होती. सकाळी आठला ती आपली उंच मोटारसायकल काढायची आणि डोंगरापलीकडच्या वस्त्या गाठायची. ही गाडी सडकेवर चालायची आणि सडक संपली तरी चालायची. तिचं प्लॅस्टिकचं मडगार्ड पक्ष्याच्या शेपटीसारखं मागे आलेलं, त्यावर चार बोल्टांनी कसलेला कॅरियर आणि कॅरियरवर औषधांची पत्र्याची पेटी. गाडी खड्ड्यात आदळली की ती शेपटी थरथरायची, आणि थरथरता थरथरता एक दिवस बोल्टाच्या भोकापाशी तडा जायचा.

“बाबा, गॅरेजला टाकते ना मी,” सून म्हणाली.

“गॅरेजला?” काका असे दचकले, जणू तिने त्यांनाच भंगारात टाकायची भाषा केली होती. “घरात माणूस असताना?”

खरं सांगायचं तर लग्नाला चार वर्षं झाली तरी सुनेशी काय बोलावं, हे काकांना अजून जमलेलं नव्हतं. “जेवलीस का?” आणि “चाकातली हवा बघितलीस का?” एवढ्या दोन प्रश्नांवर दोघांचा कारभार चालायचा. त्यामुळे तुटकं मडगार्ड हातात आलं की ते वरवर चिडायचे आणि आतून खूश व्हायचे.

पहिल्यांदा त्यांनी बोल्टांखाली मोठे वॉशर घातले. दुसऱ्यांदा जुनी ट्यूब कापून रबराच्या चकत्या बसवल्या. तिसऱ्यांदा मात्र मडगार्डच्या खालून बोटभर जाडीची लोखंडी पट्टी घालून ती कॅरियरला वेल्डिंग करून टाकली. शिवाय, पुन्हा काही झालंच तर सून अडायला नको म्हणून दर वेळी पेटीच्या तळाशी गुपचूप एक-दोन वस्तूही सरकवल्या.

“आता हत्ती बसव त्याच्यावर,” ते म्हणाले.

नऊ दिवसांनी सून मडगार्डशिवाय घरी आली. डोंगर उतरताना तिला गाडी एकदम हलकी वाटली. रस्ता सुधारला असेल, असं समजून ती मजेत चालली होती. मागून दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत आला आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, “डॉक्टरबाई, तुमची निम्मी गाडी मागं राहिली!”

या वेळी पट्टी शाबूत होती, वेल्डिंग शाबूत होतं. ज्या सांगाड्याला ते सगळं जोडलं होतं, त्याचेच बोल्ट तुटले होते. मडगार्ड, कॅरियर आणि पेटी अशी वरात टेम्पोत घालून ड्रायव्हर अंगणात आला. पेटी उतरवायला त्याने काकांच्या मुलाला हाक मारली. मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा; त्याला ओझी उचलायची सवय नव्हती.

“यात काय वासरू कोंबलंय का?” ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला. टेम्पोत त्याचा काटा होता. त्याने पेटी काट्यावर चढवली. सव्वीस किलो.

“औषधं इतकी जड असतात?” काकूंनी विचारलं.

“औषधं चार किलो,” सून म्हणाली आणि उगाचच आपल्या हातमोज्यांकडे बघू लागली.

काकांनी पेटी उघडली. वरच्या खणात औषधं, सुया, दोऱ्या. खालच्या खणात पान्यांचा अख्खा संच, हातोडा, नटांनी भरलेला डबा, पायाने मारायचा हवेचा पंप, आणि पट्टी तुटली तर असावी म्हणून तशीच आणखी एक लोखंडी पट्टी. काकांनी घसा साफ केला. “हे माझं.”

त्याखाली दोन लिटरचा थर्मास, एक शाल आणि दोन बॅटऱ्या निघाल्या.

“दोन कशाला गं?” काकांनी विचारलं.

“एक बंद पडली म्हणजे?” काकू म्हणाल्या. त्यांनी पटकन शाल उचलून घडी घालायला घेतली. ती आधीच घडीची होती.

सगळ्यात तळाशी, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली, एक वीट होती. सगळ्यांनी विटेकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं.

“चिखलात गाडीचा स्टँड रुततो,” तो कानाच्या पाळीपर्यंत लाल होत म्हणाला. “खाली काहीतरी सपाट नको का?”

“अरे, मग फळी द्यायची!”

“फळी पेटीत मावत नव्हती.”

ड्रायव्हर पोट धरून हसला. काकांना मात्र हसू येईना. त्यांनी सुनेला विचारलं, “तू रोज पेटी उघडतेस. तुला दिसत नव्हतं हे?”

“दिसत होतं ना.”

“मग काढलं का नाहीस?”

सुनेने खांदे उडवले. “काढलं असतं तर तुम्ही परत भरलं असतं. आणि तिकडे दिवसभर कुणी ओळखीचं भेटत नाही, बाबा. पेटी उघडली की सगळे भेटता. विटेला तर मी रोज हसते.”

मुलाने वीट परत वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. मग ड्रायव्हर बोलला. “काका, एक सांगू? आम्ही भरलेले कॅन कधी पार मागं ठेवत नाही. केबिनला टेकवून ठेवतो. चाकाच्या मागं वजन गेलं की खड्ड्यागणिक ते दुप्पट होऊन आदळतं. पट्टी कितीही जाड लावा. तुम्ही दुखणं पुढच्या सांध्यात ढकललंत, एवढंच.”

हे चौतीस वर्षांच्या फिटरला दुधाच्या टेम्पोवाल्याने सांगावं! काकांना राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता, आणि बरोबर बोलणाऱ्यावर रागावता येत नाही हा काकांचा जन्माचा दोष होता. “पहिल्या दिवशी कळायला हवं होतं मला,” ते पुटपुटले.

पुढचे दोन दिवस ते शेडमधून हलले नाहीत. लोखंडी पट्टी काढून मडगार्डच्या आत अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा बसवला. कॅरियरला दोन टेकू देऊन ते थेट सांगाड्याला जोडले. औषधांसाठी सीटच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मधल्या दांड्याच्या पुढे, खाली लोंबणाऱ्या कॅनव्हासच्या पिशव्या शिवून घेतल्या. कॅरियरवर काय ठेवायचं? एक रेनकोट, बस.

काम चोख झालं, तरी जिवाला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी सून निघाली, तेव्हा काका बूट घालून गाडीपाशी उभे होते.

“मी येतो. मडगार्डवर नजर ठेवायला,” ते म्हणाले. “माझं वजन सीटवर येणार. चाकाच्या पुढे. चालतं ते.”

सडक संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मग काका दर खड्ड्याला मान वळवून मडगार्ड बघू लागले.

“बाबा, तुम्ही वळलात की गाडी पण वळते!”

“बरं, बरं.”

“आता उभे राहा!”

“कुठे?”

“पायदानांवर! मी उभी राहते तसे!”

सदुसष्टाव्या वर्षी धावत्या मोटारसायकलवर उभं राहायची वेळ आपल्यावर येईल, असं काकांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ते उभे राहिले. सुनेचे खांदे घट्ट धरले, डोळे मिटले, आणि खालून खड्डे नुसते निघून गेले. गाडी नाचत होती, पण धक्का गुडघ्यांतच जिरत होता. ही पोरगी रोज अशी जाते, त्यांच्या मनात आलं, आणि आपण घरात बसून लोखंड जोडत होतो.

वस्तीवर एक गाय पहाटेपासून अडली होती. वासराचे पाय आत दुमडले होते. सुनेने खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, हात घातला, वासराच्या पायाला दोरी बांधली आणि तिचं टोक काकांच्या हातात दिलं. “मी सांगेन तेव्हाच ओढायचं. झटका द्यायचा नाही. सावकाश.”

“कळतं मला,” असं काका सवयीने म्हणणार होते. पण त्यांनी नुसती मान हलवली. अडीच तास ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. ती गाईशी बोलत होती, मध्येच दात-ओठ खात होती, मध्येच कपाळ गाईच्या पाठीला टेकवून थांबत होती. शेवटी ती म्हणाली, “आता, बाबा!” आणि वासरू ओलंचिंब बाहेर आलं. काकांनी बाहीने डोळे पुसले. धूळ फार होती तिथे.

परतताना सुनेचा उजवा हात वर उचलेना.

“बाबा, तुम्ही चालवा.”

“मी? माझे पाय पोचत नाहीत जमिनीला.”

“थांबू नका म्हणजे झालं.”

काका पहिल्या गिअरमध्ये निघाले आणि पहिल्याच गिअरमध्ये राहिले. बाजूने चाललेली एक म्हातारी त्यांच्या पुढे निघून गेली. थोड्या वेळाने त्यांच्या पाठीवर काहीतरी जड टेकलं. सुनेचं डोकं. तिचे हात त्यांच्या पोटाशी गुंफलेले होते आणि श्वास संथ झाला होता. काका घाबरले, मग श्वास रोखून बसले. त्यानंतर त्यांनी एकही खड्डा गाडीला लागू दिला नाही. दोन तास ते प्रत्येक दगडाची मनधरणी करत घरी आले.

अंगणात त्यांनी गाडी बरोबर ओट्याला लावली. एक पाय ओट्यावर टेकला, दुसरा हवेतच राहिला. काकू आणि मुलगा धावत बाहेर आले.

“तुटलं का?” मुलाने विचारलं.

“हळू बोल!” काका कुजबुजले. “झोपलीये ती. स्टँड लावला तर गाडी कलेल. तू पुढून हँडल धर. अगं, तू कॅरियर धर.”

उन्हं अंगणातून भिंतीवर चढली. तिघं गाडीला धरून तशीच उभी होती. काकांच्या पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्याही थकल्या. अखेर पाठीवरचं डोकं हललं.

“बाबा, पोचलो?”

“हे काय, आत्ताच,” फिटरकाका म्हणाले.

त्यांना खाली उतरवायला तिघांचे हात लागले.