तुळसाबाईंनी गावठी फौजेत पांढरा सरदार आणिला त्याची हकीकत

श्रीराखणदार प्रसन्न. रत्नागिरी प्रांती, शके एकोणीसशे सहा, शिमगा उरकल्यावर, येसूबाई आजींचे खुराड्यात जे राजकारण जाहले, ते मागाहून कोणी पदरचे घालोन सांगू नये, म्हणोन यथास्थित लिहिले असे.

ऐसियास, घरची गावठी कोंबड्यांची फौज बहुत चपळ. मुंगूस दिसताच फणसावर चढे. परंतु दहा-बारा अंडी घातली की खुडूक होवोन रवणीस, म्हणजे अंडी उबवावयास बसे. सरकारी केंद्रातील पांढरी जात अंड्यांस उदार, परंतु अक्कल नदारद. मुंगूस आले तरी पाहुणा समजोन उभी. मग आजींच्या नातीने, इयत्ता नववीच्या तुळसाबाईसाहेबांनी मसलत केली की, दोहींचा संकर करावा. अंडी त्यांची आणि अक्कल आमची. म्हणोन खासा पांढरा कोंबडा टोपलीत घालोन, मांडीवर घेवोन, यष्टीने आणिला आणि घरच्या तांबड्यास डालग्याखाली नजरकैद फर्माविली.

परंतु तांबडा गावच्या राखणदार देवास नवसाने बोललेला. देवाच्या जिवाचे हाल नकोत, म्हणोन आजी रोज दुपारी नजर चुकवोन डालगे उचलीत. त्यामुळे रवणीखालची अकरा अंडी कोणत्या सरदाराची, हा मोठा पेच पडला. आणि आजींचे फर्मान ऐसे की, पांढऱ्याचे एकही पिल्लू न निघाल्यास तुळसाबाईंनी खुराड्याचा कारभार सोडावा.

इतक्यात राखण देण्याचा, म्हणजे देवास कोंबडा कापण्याचा दिवस आला. राखण देणारे भागोजीकाका सुरी घेवोन तांबड्यावर चालोन गेले, तांबडा फणसावर. मग काठी जाहली, तांदूळ जाहले, शिव्या जाहल्या. पांढरे सरदार अंगणात मधोमध उभे राहोन तमाशा पाहात होते. काकांनी त्यांसच उचलिले. तुळसाबाई आडव्या आल्या. तेव्हा आजींनी हात जोडिले, "म्हाराजा, ह्यो गोड मानून घे, तांबडा फुडच्या वर्साला." आणि नातीस म्हणाल्या, "रडू नको गो. ज्याला पळता येत नाय तो कसला सरदार?"

तुळसाबाईंनी त्या दिवशी दुःखाने सरदारांची सागोती वर्ज्य केली. वडे मात्र पाच घेतले.

पुढे रवणीचे दिवस भरले आणि नऊ पिल्ले निघाली. तीन तांबडी आणि सहा पांढरी, काळे ठिपके असलेली. आजींनी पुष्कळ चष्मा पुसला. तितक्यात घार उतरली. सहाही ठिपकेवाली क्षणात आईचे पंखाखाली दाखल. आजींची अस्सल तांबडी मागाहून धापा टाकीत आली. मग आजी उठल्या आणि दाण्यांचा डबा त्यांनी नातीचे हाती दिला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पांढरे सरदार देवाचे चरणी कामी आले, वंश परसात दाणे टिपतो आहे. अंडी किती देणार, हे वंशाने अद्याप कळविले नाही.