धकाते काकांचे नवे विषय

"गाभण म्हशीले मीठ किती द्याचं, सांग बरं."

सकाळी ड्यूटीला निघालो असताना धकाते काकांनी मला जिन्यात अडवून हे विचारलं. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये म्हैस सोडा, कुणाकडे मांजरही नाही. पण काकांना आदल्या दिवशी हुडको कॉलनीतल्या रद्दीवाल्याकडे पशुपालनाचं पुस्तक सापडलं होतं. नवा विषय हाती आला की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

काका ब्लास्ट फर्नेसमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले. काकू वारल्यापासून माझ्या समोरच्या क्वार्टरमध्ये एकटेच राहायचे. पुस्तकाला त्यांची कसलीच अट नव्हती. मराठी, हिंदी, फाटलेलं, शेवटची पानं नसलेलं, काहीही चाले. एका रहस्यकथेतला खुनी असाच रद्दीत राहून गेला, तेव्हा त्यांनी तळमजल्यावरच्या वर्माजींना सगळी कथा ऐकवून मत मागितलं. वर्माजींचा संशय डॉक्टरवर, काकांचा माळ्यावर. महिनाभर दोघं वाद घालत होते.

"मले तं हे मालूमच नव्हतं ना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाळंतिणीच्या आहाराचं पुस्तक मिळालं, तेव्हा त्यांनी शेजारच्या साहूंच्या सुनेला मेथीचे फायदे दाराबाहेर उभं राहून, संकोचानं भिंतीकडे तोंड करून सांगितले होते.

बाबा गेल्यावर मी आईला भंडाऱ्याकडच्या गावाहून इथं हिंदी मुलखात आणलं. तिला हिंदी येत नव्हती. दिवसभर खिडकीशी बसून राहायची. काही विचारलं तर "बरं आहे" एवढंच म्हणायची. एकदा काकांनी सहज विचारलं, तुझी आई गावात काय करत होती? मी सांगितलं, हातमागावर लुगडी विणायची.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळी घरी आलो, तर काका आमच्याकडे जमिनीवर मांडी घालून बसलेले. पुढ्यात विणकामावरचं एक जाड हिंदी पुस्तक. उभ्या धाग्याला, म्हणजे ताण्याला, त्यांनी बाणा म्हटलं होतं. आईनं ती चूक सुधारली आणि मग ती थांबलीच नव्हती. खुर्चीच्या दोन पायांना दोरा ताणून ती त्यांना ताणा कसा लावतात ते दाखवत होती. तिचा एवढा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

काकांना सोडायला मी दारापर्यंत गेलो. त्या पुस्तकासाठी त्यांच्या दुर्ग आणि रायपूरच्या मिळून चार खेपा झाल्या होत्या, हे बोलता बोलता कळलं.

"काहून एवढा त्रास घेता, काका?"

ते दाराशी चपला शोधू लागले.

"शांता होती तवा घर भरून राहे. सारे तिच्याशी बोलाले येत. ती गेली अन् दारावरची घंटी वाजनं बंद झालं. मी खोलून पाह्यली, बिघडली नव्हती. मले भट्टीशिवाय काही येत नव्हतं. लोकायशी बोलाचं काय? मंग एकेक विषय धरला."

आतून आईची हाक आली, "भाऊ, उद्या या बरं. रंगाचं सांगाचं राहिलं."

काकांनी नुसती मान हलवली. डावी चप्पल ते उजव्या पायात घालत होते, आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.