थेट कुणी येत न्हाई

सोमाटण्याच्या सदूआबांच्या रोपवाटिकेत गुलाबाचा भाव विचारलात, तर आबा भाव सांगत नाहीत. आधी विचारतात, "हितलं नाव सांगितलं कुणी?" गिऱ्हाईक म्हणालं, सहज आलो, की आबा झारी खाली ठेवतात आणि उलटतपासणी सुरू. कुणाच्या दारात झाड बघितलं? लोणावळ्याहून येताना बोर्ड दिसला का? मेहुण्यानं सांगितलं असं कबूल केल्याशिवाय माणसाची सुटका नाही. "थेट कुणी येत न्हाई" हे आबांचं ब्रह्मवाक्य.

अशा माणसाची वेबसाइट करून देण्याची दुर्बुद्धी मला झाली. तळेगावात बसून छोट्या धंद्यांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. पहिल्या महिन्यात हौसेनं लॅपटॉप उघडून दाखवलं: इतके लोक शोधत शोधत आले, इतके दुसऱ्यांच्या साइटवरच्या लिंकवरून, आणि सगळ्यांत जास्त हे, डायरेक्ट. डायरेक्ट म्हणजे काय, तेही सांगितलं. पत्ता स्वतः टाइप करून आलेले. शिवाय ज्यांचा माग लागत नाही, त्यांनाही यंत्र ह्यातच ढकलतं.

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कामचुकारपणा मीच केला होता. "म्हंजी मूळ सापडंना, तर थेट म्हनून मोकळं व्हायचं? अगं, बांधावर आपसूक उगवल्याल्या झाडाचं बी सुदीक कुन्या पाखरानं टाकल्यालं आसतंय."

मग त्यांनी मला कामालाच जुंपलं. बोर्डासाठी वेगळी लिंक, भजनी मंडळाच्या ग्रुपला वेगळी, सुदुंबऱ्याच्या साडूला वेगळी. कुणाच्या लिंकवरून किती आले, हे दर सोमवारी फोनवर ऐकायचं. साडूच्या नावावर शून्य निघालं, की आबा दोन दिवस खूश. लय डोकं खायचे, पण फोन आला नाही तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

दिवाळीनंतर त्यांनी आणखी एक लिंक मागितली, नंदाच्या नावाची. मला वाटलं, असेल कुणी गिऱ्हाइकं आणणारी बाई. तेव्हापासून सोमवारी आधी नंदाचं विचारायचे, मग बाकीच्यांचं. चार महिने शून्य. शेवटी वैतागून मीच म्हटलं, आबा, ही बाई काही कामाची नाही, काढून टाकू या.

फोनवर झारी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पोरगी हाय माझी," आबा म्हणाले. "लोनावळ्यात आसती. आपल्या मनानं लगीन केलं तिनं, मी गेलो न्हाई. आता माझा फोन उचलत न्हाई. भाच्याच्या हातनं लिंक धाडली. म्हनलं, निदान बाग तरी बघंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिभेला हाडच नाही माझ्या. मग आठवलं ते घाईघाईनं सांगितलं. तिनं लिंक न दाबता नुसता पत्ता टाकला असेल, तर नंदाच्या नावावर दिसणारच नाही. ती डायरेक्टमध्ये गेली असेल.

त्या रकान्याला आबांनी आजवर शिव्याच घातल्या होत्या. आज त्यातला आकडा मला दोनदा वाचायला लावला.

"मंग आसंल त्यात," म्हणाले. आणि पहिल्याच पानावर, गुलाबांच्या वर, चार ओळी टाकायला सांगितल्या. त्यांनी सांगितल्या तशाच मी टाकल्या:

"तुझ्या आईनं लावलेल्या मोगऱ्याला कळी धरलीय. तो विकायचा न्हाई. दुपारी मी हितंच आसतो. जावईबापूंना घेऊन ये."